पायाकडून उठवायचं

आप्पांनी आत्याचा गळा धरला तेव्हा मी त्यांच्या पायाशी बसले होते. माझ्या हातात काशाची वाटी होती आणि बोटं एरंडेलानं माखलेली होती. आत्या त्यांच्या डोक्याशी बसली होती. आत्ताआत्तापर्यंत आप्पा उताणे पडून घोरत होते, आणि आता ते गुडघ्यांवर होते, आत्या त्यांच्या खाली होती आणि त्यांचे दोन्ही अंगठे तिच्या गळ्यात रुतले होते. ते ओरडत नव्हते. डोळे उघडे होते, पण आत्याकडे बघत नव्हते, तिच्या पलीकडं कुठंतरी बघत होते. आत्याच्या टाचा जमिनीवर आपटत होत्या. तिच्या हातातली तेलाची बाटली कलंडली होती आणि तेल सारवलेल्या जमिनीवर पसरत होतं. भर दुपार होती. बाहेर गुऱ्हाळाचं इंजिन रोजच्यासारखं टुक-टुक करत होतं.

आई चुलीपासून धावत आली आणि आप्पांच्या दंडाला लोंबकळली. त्यांनी हात झटकला तशी ती खांबावर जाऊन आदळली आणि किंचाळायला लागली. तिच्या किंचाळण्यानं त्यांचे हात आणखी आवळले गेले, हे मी बघितलं. मी म्हणाले, "आई, गप." आईला असं बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ. मग वाटी टाकली आणि त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा दोन्ही मुठींत धरला. तेलानं तो निसटत होता. मी म्हणाले, "आप्पा, मी सरू. हे राहू गाव हाय. आपलं घर हाय." काही झालं नाही. पुन्हा तेच म्हणाले, आवाज न चढवता, कारण मला तसंच शिकवलं होतं. कितीदा म्हणाले ते आठवत नाही. मग त्यांचे हात सुटले. ते मागं बसले, डोळे चोळले आणि मला विचारलं, "कोण पडलंय तिथं?"

"आत्या हाय."

"कशानं पडली?"

आत्याच्या तोंडातून दाराच्या बिजागरीसारखा आवाज येत होता, म्हणजे ती जिवंत होती. आईनं तिला पाणी पाजलं, ते नाकातून बाहेर आलं. आप्पांनी आत्याच्या गळ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं, आणि उठून बाहेर गेले. तेवढ्या वेळात दारात माणसं जमली होती. त्यांनी आप्पांना वाट करून दिली, जरा जास्तच मोठी. आमच्या भागात अशा माणसाला कासऱ्यानं बांधून गाडीत घालायचं आणि येरवड्याच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन सोडायचं, एवढाच उपाय ठाऊक होता. तिथं गेलेलं कुणी परत आल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्यामुळे पुढं काय होणार हे दारातल्या माणसांना माहीत होतं, आणि मलाही.

आप्पा लष्करातून सुटून आले तेव्हा आई आणि मी केडगावला गाडीत बसून त्यांना आणायला दौंडला गेलो होतो. फलाटावर आईनं आधी त्यांचे हात बघितले, मग पाय. बोटंसुद्धा मनात मोजली असतील. सगळं जागच्या जागी होतं. आमच्या गावात एक पाय गेलेले शिपाई होते, त्यांना झेंडावंदनाला खुर्ची मिळायची. आप्पांचं काही गेलेलं दिसत नव्हतं, म्हणून ते मागं उभे असायचे. त्यांना काय झालं होतं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. ते आम्हाला इब्राहीमकाकांकडून कळलं. हे आप्पांच्याच पलटणीतले, त्यांच्या आधी सुटून आलेले. दौंडला रेल्वेच्या वसाहतीबाहेर त्यांचं शिलाईचं दुकान होतं. तिकडं वर काश्मीरकडं एक गोळा आप्पांच्या खंदकाजवळ फुटला. ते उडून दगडावर आपटले, थोडा वेळ शुद्ध नव्हती, मग उठून बसले, ओकले, चहा प्याले आणि पुन्हा कामाला लागले. असं एकदाच झालं असंही नाही. रक्त मात्र कधी आलं नाही. त्याच गोळ्यानं काकांचा एक कान गेला होता.

लष्करात जायच्या आधी आप्पा गुळवे होते. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असतो, आणि तो गूळ व्हायला आला की नाही हे सांगतो तो गुळव्या. एक घटका पुढंमागं झाली की गूळ चिकट राहतो नाहीतर करपतो. आई सांगायची, की आप्पा वाटेवरून येतानाच वासावरून ओळखायचे काहील कुठवर आलीय. परत आले ते नाक गमावूनच. चुलीवर दूध करपून धूर झाला तरी शेजारी बसून असायचे. पहिल्या हंगामात त्यांना काहिलीवर उभं केलं आणि अख्खी काहील जळाली. मालकानं आरडाओरडा केला. आप्पा म्हणाले, "मला वास आला न्हाई." मालक म्हणाला, "गावाला आला, तुलाच कसा न्हाई?" तेव्हापासून ते चुलवाणाला जाळ घालायच्या कामावर गेले. रात्रभर भट्टीच्या तोंडाशी बसून उसाची वाळलेली चिपाडं आत सारायची. रात्रीचं ते काम कुणालाच नको असायचं. आप्पांना ते चांगलं, कारण रात्री त्यांना झोप येतच नव्हती.

दिवसा ते झोपायचे, म्हणजे पडायचे. घरात त्या वेळी सगळं हळू. आई भाकरी थापायची तीसुद्धा दबक्या हातानं. उन्हाची तिरीप डोळ्यावर आली की त्यांचं कपाळ ठणकायचं, म्हणून सोप्याच्या दाराला पोतं टांगलेलं असायचं. इंजिनाच्या आवाजाचं त्यांना काही नव्हतं, तो चालू असला तर डोळा लागायचा आणि इंजिन बंद पडलं की ते ताडकन उठून बसायचे. कधी साधा शब्द सापडायचा नाही. तांब्या मागायचा असला तर "ते दे, ते, पाण्याचं" म्हणायचे, आणि मला कळायला वेळ लागला तर चिडायचे. मारलं कधी नाही. भांडी मात्र फेकायचे. आमच्याकडं तेव्हा एकही ताटली बिनपोच्याची नव्हती.

उपाय सगळे झाले. जायफळ उगाळून दुधात, खसखशीची खीर, देवऋषाचं लिंबू. दौंडच्या डॉक्टरांनी छाती तपासली, जीभ बघितली, अशक्तपणा आहे म्हणाले आणि लाल औषधाची बाटली दिली. आप्पांनी ती दोन दिवस घेतली आणि म्हशीला पाजली. म्हैस छान झोपली. शेवटी आईनं काशाची वाटी काढली. तळपायाला एरंडेल लावायचं आणि काशाची वाटी उपडी धरून घासत राहायचं. त्यानं डोक्यातली उष्णता उतरते असं आमच्याकडं मानतात. घासता घासता तळवा काळा होतो आणि बायका म्हणतात, बघा, किती उष्णता निघाली. ते काळं वाटीचं असतं, पण हे मला फार उशिरा कळलं. आईला कामं असायची, म्हणून वाटी माझ्याकडं आली. शाळा चौथीनंतर सुटलीच होती. दुपारी जेवण झालं, काकवी-भाकरी नाहीतर कुळथाचं माडगं, की मी आप्पांच्या पायाशी बसायची. खर्र खर्र असा एक आवाज यायचा, सारखा, आणि हळूहळू त्यांचं तोंड उघडं पडायचं. कधी कधी चांगले दोन-अडीच तास झोपायचे. उठले की शब्द नीट सापडायचे. ते काही मला शाबासकी देत नसत. पाय पुसायचे आणि कामाला जायचे.

इब्राहीमकाका अधूनमधून यायचे. येताना दौंडच्या बाजारातली केळी आणायचे. आप्पा त्यांच्याशीच काय ते बोलायचे, तेही चांगल्या कानाच्या बाजूला बसून. एकदा काका म्हणाले, "रामभाऊ, अदलाबदल करू. तुझी बिनझोप मला दे, माझा बहिरा कान तू घे. बायको काय म्हणती ते तरी ऐकू यायचं न्हाई."

आप्पा म्हणाले, "तुझा कान घेऊन मी झोपलो, तर माझ्या बायकोचं ऐकायचं कुणी?"

"ती माझी वहिनी. मी ऐकंन."

आई आतून म्हणाली, "दोघंबी ऐकत न्हाईत, कान चार असू द्या न्हाईतर आठ."

त्याच वेळी काकांनी मला एकटीला बोलावून सांगितलं. "बेटी, आमच्यासारख्या लष्करातल्या माणसाला डोक्याकडून उठवायचं न्हाई. खांद्याला हात लावायचा न्हाई, वरून वाकायचं न्हाई. पायाकडून उठवायचं. अंगठा धरायचा, आधी आपलं नाव सांगायचं, मग गाव. ओरडायचं न्हाई. समजलं?" मी विचारलं, गाव कशाला? ते म्हणाले, "ते कुठं असत्यात ते त्यांचं त्यांना ठाव नसतं, म्हणून." मी हे आईला सांगितलं. आम्ही दोघी ते पाळत होतो. आणखी कुणाला सांगायची गरज पडली नव्हती, कारण आणखी कुणी त्यांच्याजवळ जातच नसे.

आता आम्ही रांजणगावजवळ राहतो. मुलानं रस्त्याकडेला खोल्या बांधल्या आहेत, त्यात कंपनीतली पोरं भाड्यानं राहतात, कुठली कुठली. रात्रपाळी करून येतात आणि दिवसा झोपतात. त्यांच्या दारावर कुणी थापा मारलेल्या मला चालत नाहीत. सून म्हणते, सासूबाईंना भाडेकरूंचं फार. भाडेकरूंचं नाही. दिवसा झोपलेल्या माणसाला लोक आळशी समजतात, आणि मला ते ऐकवत नाही.

आत्या शिरूरला दिली होती. आप्पांची थोरली बहीण. त्यांची आई ते अंगावर पीत असतानाच गेली, म्हणून आत्यानंच त्यांना वाढवलं होतं. त्या वर्षी हंगाम ऐन भरात असताना ती नदी ओलांडून आली, सोबत तिळाचं तेल आणि ब्राह्मीचा पाला कढवून केलेली बाटली घेऊन. आल्या आल्या तिनं आप्पांकडं बघितलं आणि आईला धरलं. "माझा भाऊ वाळून चिपाड झालाय. काय घालतीस त्याला?"

"मी खाते तेच घालते, वन्सं."

"मग तू कशी गं भरलेली?"

आई म्हणाली, "मी झोपते."

आत्याला हे उत्तर आवडलं नाही. दुसऱ्या दुपारी मी वाटी घासत होते. आप्पांचा डोळा लागला होता. आत्या येऊन तळव्याला लागलेलं काळं बघत बसली आणि तिनं हिशेब मांडला. "काळं येतंय. म्हंजी उष्णता डोक्यात हाय आन् पायातून निघतीया. मग नुसतं खालून घासून काय व्हणार? वरून टाळूला गार तेल भरलं की सगळी एकदमच उतरंल." आजही मला हा हिशेब चुकीचा वाटत नाही. उष्णता खरंच तशी असती तर ती तशीच उतरली असती.

आई दारातून हळू आवाजात म्हणाली, "वन्सं, त्यांच्या डोक्यापाशी जायाचं न्हाई. झोपेत हात लावायचा न्हाई."

"तू शिकवणार व्हय मला? ह्याच्या टाळूचं हाड जुळलं नव्हतं तवापास्नं मी तेल भरलंय तिथं. तवा तू कुठं व्हतीस?"

आई चुलीकडं गेली. आत्या उशाशी बसली, एका हातातल्या बाटलीतून टाळूवर तेल ओतलं आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं थापटलं. दोनदा. तिसऱ्यांदा थापटायला हात उचलला तेवढ्यात जे झालं ते मी वर लिहिलं आहे.

आत्याचा गळा आधी लाल झाला, मग निळा, मग पिवळट. आवाज बंद. घास उतरत नव्हता, म्हणून आई तिला माडगं गाळून चमच्यानं पाजायची. दोघी नणंद-भावजया बोलत नव्हत्या, एकीला येत नव्हतं आणि दुसरीला सुचत नव्हतं. आप्पा घरी येईनात. गुऱ्हाळावर चिपाडांच्या ढिगाशी बसून असायचे. भाकरी मी घेऊन जायची. त्यांनी मला एकदाच विचारलं, "मीच का?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "मग मला बांधून न्या म्हणावं. मी आडवा येणार न्हाई." हे मी घरी येऊन आईला सांगितलं. आईला त्यांची भीती बसली होती आणि ती ते लपवत नव्हती. खांबावर आपटल्यानं तिचा खांदा वर होत नव्हता. ती म्हणाली, "सरे, मला कळंना झालंय. ठिवावं म्हणलं तर तुझ्या जिवाची भीती वाटती. पाठवावं म्हणलं तर तिथं कोण त्यांचा अंगठा धरणार?"

शिरूरला कुणीतरी निरोप पोचवला होता. आत्याचे यजमान, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, बैलगाडी आणि दोन गडी घेऊन आले. एका गड्याच्या खांद्यावर कासरा होता. मामा वाईट माणूस नव्हते. बायकोचा गळा त्यांनी बघितला आणि बाहेर अंगणात आले. मग आईला म्हणाले, "आता इचारायचं काय राह्यलंय? न्हेतो त्याला येरवड्याला. आज हिला धरलं, उद्या पोरीला धरील."

आईनं पदर तोंडाला लावला आणि मला वाटलं, झालं. तेवढ्यात आतून फाटका आवाज आला. आत्या भिंतीला टेकून बसली होती. "गळा कुणाचा हाय?"

मामा आत गेले. "तू बोलू नगंस."

"गळा कुणाचा हाय, म्हणते मी."

"तुझा."

"मग तुम्ही कशापायी बोलताय?"

"तुला बोलता येत नव्हतं म्हणून."

"आता येतंय की." ती खोकली, पाणी प्याली. "मला वैनीनं सांगितलं व्हतं, डोक्यापाशी जाऊ नगंस. मी ऐकलं न्हाई. शिंगं टोकदार हायती हे ठाव असून बैलाच्या डोळ्यावर हात ठिवला, तर बैलाला खाटकाकडं धाडता व्हय तुम्ही?"

"माणूस आन् बैल एक हाय का?"

"न्हाई. म्हणून तर म्हणते. पोरीनं सोडवलं मला. वाटीभर पोरगी. तिला जमतंय ते तुम्हा तिघा बापयांना जमंना, आन् निघाले कासरा घेऊन." मग मला म्हणाली, "सरे, त्याला बोलाव."

मी गुऱ्हाळावर गेले. आप्पांनी गाडी बघितलेली होती. ते माझ्यामागून आले आणि उंबऱ्याबाहेर थांबले, हात पुढं करून. बांधायचे म्हणून. आत्या म्हणाली, "लांब का हुबा ऱ्हायलास? मी चावती का काय?"

"आक्का, मला कायबी ठाव न्हाई गं. कायबी."

"ठाव असतं तर कासरा मीच दिला असता. ये आत. पड."

आप्पा पडले. एवढी माणसं बघत असताना कुणाला झोप येणार, तरी पडले. आत्या सरकत सरकत त्यांच्या पायाशी गेली, माझ्या हातातून वाटी घेतली आणि घासायला लागली. तिचा हात फार जोरात चालत होता. मी म्हणाले, हळू. तिनं माझ्याकडं डोळे वटारून बघितलं आणि हळू केलं. मामा कासरा धरलेल्या गड्याशेजारी उभे राहून हे बघत होते. शेवटी म्हणाले, "न्हाई म्हणतीस तर न्हाई. पर ह्याचं डोकं कुणाच्या हाताला लागंल असं ठिवू नका."

हे मात्र शहाणपणाचं बोलले. त्याच संध्याकाळी गड्यांनी सोप्याच्या कोपऱ्यातल्या धान्याच्या कणग्या हलवल्या आणि आप्पांची घोंगडी तिथं घातली, डोकं दोन भिंतींच्या मध्ये. तिथं जायला पायाकडूनच वाट होती. कासरा मामांनी गाडीत गुळाच्या ढेपा आवळायला वापरला. आत्या जाताना आईला म्हणाली, "उरलेलं त्येल ठिवून जाते. डोक्याला न्हाई, भाकरीच्या तव्याला लाव."

आप्पा बरे झाले असं मी लिहिणार नाही. नाक परत आलं नाही. भांडी फेकणं कमी झालं, बंद झालं नाही. माझं लग्न होईपर्यंत वाटी माझ्याकडं होती, नंतर आईकडं. आत्या दर हंगामाला यायची आणि गळ्याभोवती पदर आवळून घ्यायची, थंडी नसली तरी. तिचा आवाज शेवटपर्यंत बसकाच राहिला. ती त्याबद्दल बोलत नसे, पण भजनाला कुणी बोलावलं तर म्हणायची, माझा गळा भावाला दिलाय.

नातसून नर्स आहे. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, आजी, हे मेंदूला बसलेल्या माराचं असतं, मार बाहेर दिसत नाही, आणि झोप गेली की मेंदू सावरत नाही. आता अशा सैनिकांची तपासणी करतात, झोपेवर उपचार करतात. असेल. मी तिला विचारलं, उठवतात कुठून? तिला ते माहीत नव्हतं.

आप्पा म्हातारे होऊन पोटाच्या दुखण्यानं गेले. आत्या त्यांच्यामागून गेली, आई सगळ्यांत शेवटी. त्या दुपारी सोप्यात आम्ही चौघं होतो. चौघंही जगलो.